मानधन नव्हे, मोबदला

(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



वेतन, महागाई भत्ता, निवृत्तिवेतन, रिक्त जागा हे आपल्या अभ्यासवर्गाचे नेहमीचे विषय. त्यांत छायाचित्राच्या पैशाचा विषय कुठून आला, असे काहींच्या मनात आले असेल. उत्तर सरळ आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या हाती कॅमेरा आहे. घाटातल्या धुक्यातून येणारी गाडी टिपणारा ट्रॅकमन, पुराच्या पाण्यातून टपालाची थैली नेणाऱ्या सहकाऱ्याचा फोटो काढणारा पोस्टमन ही आपलीच माणसे. आपल्या वसाहतींत वाढलेली, पक्की नोकरी न मिळाल्याने मुक्त छायाचित्रकार झालेली मुले-मुलीही आपलीच. त्यांचे फोटो दैनिकांत, दिवाळी अंकांत, कॅलेंडरांवर, बातम्यांच्या संकेतस्थळांवर झळकतात. पैसे मात्र येत नाहीत. विचारायला गेले की उत्तर ठरलेले असते : "तुमचे नाव छापले की!" कित्येकदा तेही छापलेले नसते. फोटोखाली नुसते 'सौजन्य' किंवा 'संग्रहित छायाचित्र' एवढेच असते.

अंक निघतो तेव्हा कागदवाल्याचे पैसे चुकते होतात, छापखान्याचे होतात, गठ्ठे वाहून नेणाऱ्याचे होतात. ज्या फोटोमुळे पान उठून दिसले, त्याचे तेवढे राहतात. केलेल्या कामाचे दाम न देणे याला आपल्या चळवळीत मजुरी बुडवणे म्हणतात. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी एका शब्दाकडे पाहू. मराठी नियतकालिके लेखकाला, छायाचित्रकाराला जे देतात त्याला 'मानधन' म्हणतात. शब्द गोड आहे, पण त्यात एक खोच आहे. मान म्हणून दिलेले धन हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. दिले तर उपकार, नाही दिले तर तक्रार कसली? मोबदला ठरवून घ्यायचा असतो. तुम्ही ओव्हरटाइमला मानधन म्हणत नाही. छायाचित्रालाही म्हणू नका. बिलावर 'मोबदला' असाच शब्द लिहा.

आता एक घडलेले प्रकरण सांगतो. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भयंकर भूकंप झाला. दानिएल मोरेल हा तिथलाच मुक्त छायाचित्रकार. ढिगाऱ्यांतून फिरून त्याने फोटो काढले आणि त्याच दिवशी ट्विटरद्वारे जगापुढे ठेवले. एएफपी या फ्रान्सच्या बलाढ्य वृत्तसंस्थेने ते त्याला न विचारता उचलले, आणि तेही दुसऱ्याच माणसाच्या नावाने. गेटी इमेजेसमार्फत ते जगभरच्या वृत्तपत्रांकडे गेले. मोरेलने हरकत घेतली, तेव्हा एएफपीनेच न्यूयॉर्कच्या न्यायालयात उलट त्याच्याविरुद्ध दावा दाखल केला. म्हणणे असे की, ट्विटरवर टाकलेला फोटो कोणीही वापरावा. न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्युरीने एएफपी आणि गेटीने मोरेलला सुमारे १२ लाख डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. एकटा माणूस आणि समोर दोन जागतिक कंपन्या, तरी तो उभा राहू शकला. कारण फोटो आपले आहेत हे तो दाखवू शकत होता आणि हक्क त्याने कोणाला लिहून दिला नव्हता. फोटो लोकांना दाखवला म्हणजे वापरायला दिला असे होत नाही, हे या प्रकरणातून घ्यायचे.

आपल्या देशातला कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. सर्वसाधारणपणे पहिला मालकही तोच. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. फोटो काढला त्या क्षणी हक्क जन्मतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे तुमच्या माघारी तो तुमच्या वारसांचा असतो.

याला अपवाद आहेत, ते नीट समजून घ्या. तुम्ही नोकरीत आहात आणि नोकरीचा भाग म्हणून फोटो काढला, तर हक्क मालकाचा. अपघाताच्या चौकशीसाठी कार्यालयाने काढायला लावलेला फोटो तुमचा होत नाही. वृत्तपत्राच्या पगारी छायाचित्रकाराचे फोटो प्रसिद्ध करण्याचा हक्क वृत्तपत्राकडे जातो. तिसरा अपवाद मुक्त छायाचित्रकाराला नडतो. कोणी पैसे ठरवून तुमच्याकडून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणून संपादकाने "उद्या जाऊन चार फोटो काढून आणा" म्हटले, की निघण्यापूर्वीच हक्क कोणाकडे राहणार हे लिहून घ्यावे.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, त्यावर तुमची सही लागते आणि मोबदला किती तेही लिहावे लागते. किती वर्षांसाठी दिला हे लिहिलेले नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. कुठल्या प्रदेशासाठी हे नसेल तर भारतापुरता धरतो. नुसती वापरायची परवानगीही लेखी असावी, असे कायद्याला अपेक्षित आहे. "फोनवर बोलणे झाले होते" हे प्रकाशकाचे म्हणणे म्हणूनच लंगडे पडते.

परवानगीची मर्यादा तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. एकेरी तिकीट काढून कोणी परतीचा प्रवास करू शकत नाही, आणि शिक्का बसलेले टपाल तिकीट दुसऱ्या पाकिटाला चालत नाही. एका अंकासाठी दिलेला फोटो पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर आला, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेला, जाहिरातीत दिसला, तर प्रत्येक वापराचे भाडे निराळे.

प्रकाशकाच्या बाजूनेही एक गोष्ट आहे, ती झाकून ठेवणे बरोबर नाही. चालू घडामोडींच्या वृत्तांतासाठी रास्त वापर कायद्याने मोकळा ठेवला आहे. पण 'बातमीसाठी वापरला' एवढे म्हणून सुटका होत नाही. वापर किती, कशासाठी आणि त्याने छायाचित्रकाराचा बाजार मारला जातो का, हे न्यायालय पाहते.

आता कामाचे बोलू. पैसे बुडतात ते बहुतेक वेळा कागद नसल्यामुळे.

पहिले : मूळ फाइल जपा. व्हॉट्सअपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो आणि त्यातली तारीख, कॅमेरा वगैरे माहिती गळून पडते. छपाईची मोठी फाइल दर ठरल्यावरच द्या. आधी नमुन्याची छोटी प्रत पाठवा.

दुसरे : फोटोसोबत चार ओळी लिहा. "हा फोटो अमुक अंकात एकदा छापण्यासाठी. मोबदला इतके रुपये. छपाईनंतर ३० दिवसांत. छायाचित्रकाराचे नाव छापणे आवश्यक." ईमेलने पाठवा आणि "मान्य" असे उत्तर येईपर्यंत थांबा.

तिसरे : अंक निघाला की त्याच आठवड्यात बिल पाठवा. बिलाला क्रमांक, तारीख, अंकाचे नाव, पान क्रमांक द्या. अंकाची प्रत विकत घेऊन ठेवा. संकेतस्थळावर आला असेल तर पानाचे चित्र तारखेसह जतन करा.

चौथे : मुदत उलटली की स्मरणपत्र द्या, मग नोटीस. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. पोच म्हणजे काय, हे टपाल खात्यातल्या माणसांना मी सांगणे म्हणजे सूर्याला दिवा दाखवणे! नोटिशीत शिवीगाळ नको, धमकी नको. कोणता फोटो, कुठे वापरला, किती पैसे, किती दिवसांत, एवढेच लिहा.

पाचवे : तरीही दाद लागली नाही तर जिल्हा न्यायालय आहे. वापर थांबवण्याचा मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई दोन्ही मागता येतात. सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, ती घालवू नका. कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे दावा आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्या माणसांना ही मोठी सोय आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कारावासाची तरतूद आहे, पण ते शेवटचे हत्यार समजा.

ज्यांचा हाच पूर्ण वेळचा व्यवसाय आहे, त्यांनी उद्यम नोंदणी आधीच करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि त्यासाठी नेमलेल्या परिषदेपुढे दाद मागता येते. मुक्त छायाचित्रकार पगारी नोकर नसल्यामुळे त्याला कामगार न्यायालयाचे दार सहसा उघडत नाही. हे दार निदान उघडे आहे.

आपण सरकारी नोकर पैसे घेऊ शकतो का, हा प्रश्न नेहमी येतो. टपाल कर्मचाऱ्यांना १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम आणि रेल्वे कर्मचाऱ्यांना १९६६ चे रेल्वे सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत. या १९६४ व १९६६ च्या नियमांनुसार प्रासंगिक साहित्यिक, कलात्मक वा शास्त्रीय काम पूर्वपरवानगीशिवाय करता येते. अट ही की कर्तव्यात बाधा येऊ नये. मात्र नियमित धंदा करता येत नाही, आणि खाजगी संस्थेकडून 'फी' घ्यायला मंजुरी लागते. कलात्मक कामाचे उत्पन्न नोकरीत मिळालेल्या ज्ञानावर आधारलेले नसेल, तर मूलभूत नियमांत ते 'फी' धरलेले नाही. तरी शंका असेल तिथे कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या, उत्पन्न आयकर विवरणात दाखवा आणि प्रतिबंधित जागी परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका.

पैशाइतकाच नावाचा प्रश्न मोठा आहे. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने प्रसिद्ध होत. आज कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क, मालकी विकली तरी, छायाचित्रकाराकडेच राहतो. तो मागून घ्या.

एकट्याने मागणे कठीण असते. "तुम्ही नाही दिला तर दुसरा फुकट देईल," हे वाक्य प्रत्येक छायाचित्रकाराने ऐकले आहे. कामाच्या अड्ड्यावर उभ्या असलेल्या मजुराला ठेकेदार हेच सांगतो. त्यावर उपाय जुनाच आहे. १९४७ साली रॉबर्ट कापा, आँरी कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सेमूर यांनी मॅग्नम ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था उभी केली. मासिकाने फोटो छापावा, पण हक्क छायाचित्रकाराकडे राहावा, हे तिचे तत्त्व. एकेकट्याला जे जमत नव्हते ते चौघांनी मिळून जमवले. गावातल्या दहा छायाचित्रकारांनी बसून किमान दर ठरवला आणि त्याखाली कोणी फोटो दिला नाही, तर तीही एकजूटच.

शेवटी आपल्या घराकडे वळतो. संघटनांच्या मुखपत्रांत, अधिवेशनाच्या स्मरणिकांत, दिनदर्शिकांत फोटो कोणाचे असतात? बहुधा सभासदाचे किंवा त्याच्या मुलाचे. 'चळवळीसाठी दिला' म्हणून ते फुकट घेतले जातात, आणि कधी नावही राहून जाते. स्मरणिकेला जाहिराती मिळतात, छापखान्याचे बिल फेडले जाते, मग छायाचित्रकाराचे का नाही? कोणी स्वखुशीने फुकट दिला तर आनंद आहे, पण तसे त्याच्याकडून विचारून लेखी घ्यावे. मालकाकडे न्याय मागणाऱ्याने स्वतःच्या वहीत उधारी ठेवू नये. म्हणून माझी सूचना आहे की, प्रत्येक शाखेने पुढच्या सभेत ठराव करावा. आपल्या प्रकाशनातल्या प्रत्येक फोटोखाली नाव असेल, दर आधी ठरेल आणि बिल ३० दिवसांत चुकते होईल. रक्कम लहान असली तरी चालेल. वेळेवर आणि ठरल्याप्रमाणे मिळाली पाहिजे. असा ठराव हातात असला, की दैनिकाच्या दारात आपला कार्यकर्ता ताठ मानेने उभा राहू शकेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!