आधी मोर्चेबांधणी

काशीत मणिकर्णिकेला लागून शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी 1830 च्या सुमारास तो बांधविला. कल्पना भव्य, दगडही अवजड. पण नदीकाठच्या भूमीला तो भार पेलला नाही. घाट खचला आणि पुढे पुन्हा बांधावा लागला. पाया सिद्ध होण्यापूर्वी वरचा भार वाढला, म्हणजे वैभवच संकट होऊन बसते. बुद्धिबळाच्या पटावर हा धडा रोज कोणीतरी नव्याने शिकत असतो.

डाव मध्याला आला की प्रतिपक्षाचे एखादे प्यादे उघडे पडते आणि हात शिवशिवू लागतो. ते मारले की हिशेबात एकाची भर पडते, यात संशय नाही. परंतु मारावयास गेलेला वजीर पटाच्या कडेला अडकतो; त्याला परतावयास दोन-तीन चाली लागतात; आणि हत्ती-उंट मूळ घरीच स्वस्थ बसलेले असतात. मोजणीत वाढलेले सैन्य रणांगणावर मात्र घटलेले असते.

मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट सतराव्या शतकात याच काशीत होऊन गेले. त्यांच्या 'भगवंतभास्कर' या धर्मनिबंधातील 'नीतिमयूख' या भागात बुद्धिबळाचे विवेचन आहे. घोड्याने चौसष्टही घरे एकेकदाच कशी फिरावी, हेही तेथे दाखविले आहे. हा फेरा कोणीही पटावर मांडून पाहावा. कोपऱ्यातल्या घोड्याला दोनच घरे मोकळी असतात. मध्यावरच्या घोड्याला आठ. घोडा तोच, पण जागा बदलताच त्याचा पल्ला चौपट होतो. एका प्याद्याच्या प्राप्तीहून हा लाभ थोडा म्हणावा काय?

1858 साली पॅरिसच्या संगीत-नाट्यगृहात पॉल मॉर्फी हा अमेरिकन तरुण ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या जोडीशी खेळला. आठव्या चालीला त्याच्या वजिरासमोर एक प्यादे आयते उभे होते. ते घेतले असते, तर वजिरावजिरी होऊन डाव रेंगाळला असता. तरीही पारडे मॉर्फीचेच जड राहिले असते. त्याने ते सोडले आणि दुसरा घोडा बाहेर काढला. पुढच्या चालीला उंट आला, मग किल्लेकोट होऊन हत्तीही कामाला लागला. या ओघात त्याने घोडा, हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला, आणि सतराव्या चालीला मात केली. अखेरीस राजा व प्यादी वगळता त्याच्यापाशी एक हत्ती आणि एक उंट एवढेच उरले होते. प्रतिपक्षाकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा असे चौघे होते. पण त्यांतील हत्ती आणि उंट जागचे हललेच नव्हते.

मात्र आयते प्यादे सोडणे हे काही व्रत नव्हे. मोहरी सिद्ध असतील, राजा सुरक्षित असेल आणि मारणारा सुखरूप परतणार असेल, तर प्यादे न घेणे हाही दोषच. म्हणून हात पुढे करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : ही लूट घरी आणीपर्यंत माझे कोणते मोहरे निकामी राहील, आणि तेवढ्या अवधीत प्रतिपक्षाचे कोणते मोहरे जागे होईल? या प्रश्नाचे उत्तर ज्याला चालीगणिक देता येते, त्याला प्यादी पुढे मिळतच जातात.