शेवटच्या नळापर्यंत

जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत गंगापूर धरणाचे पाणी येते. लहानपणी नळाला औषधाचा वास आला की अम्मी नाक मुरडायची. एका पावसाळ्यात धाकट्या भावाला कावीळ झाली. त्यानंतर मात्र वास आला नाही, तरच ती घाबरायची.

जंतू मारून पाण्यात जो मुक्त क्लोरीन शिल्लक राहतो, तोच पुढे वाटेत शिरणाऱ्या घाणीशी झुंजतो. भारतीय मानकानुसार तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. पूर्वीपासून नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग डोळ्यांनी जोखतात. इलेक्ट्रॉनिक सेन्सर क्लोरीनमुळे वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजतो आणि अहोरात्र आकडा देतो. पण पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता, बदलली की बहुतेक सेन्सर चुकतात. म्हणून हाताने तपासणी करून त्यांचा आकडा पडताळावा लागतो.

शिवाय जलशुद्धीकरण केंद्रातला आकडा गल्लीचा नसतो. जलवाहिनीतून येता येता क्लोरीन सरत जातो. म्हणून मंडळी, मोजणी शेवटच्या नळाशीही व्हावी. तिथेही कुणाची तरी अम्मी हंडा लावून उभी असते.