विमान कोणाचे?



विमानाचा शोध कोणी लावला, हा विषय निघाला की आपल्यातले कोणीतरी अभिमानाने म्हणते, "आपल्या तळपद्यांनी!" मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले, असे सांगतात.

राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंदांचे, १२० फुटांचे. पण त्याचे छायाचित्र आहे, साक्षीदार होते. ब्राझीलचे लोक सांतोस-द्युमों यांना मान देतात. तेही १९०६ मध्ये पॅरिसमध्ये लोकांदेखत उडाले. तळपद्यांच्या उड्डाणाचा असा पुरावा नाही. त्यासाठी ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार देतात, तो ग्रंथ प्राचीन नसून १९०४ नंतरचा आहे आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली दाखवले.

नोंदीची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. गिरमिटावर मॉरिशसला आलेल्या आपल्या पूर्वजांची नावे कारकुनांनी वेडीवाकडी लिहिली. तरी लिहिली, म्हणून मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात आज आपण त्यांचे जहाज आणि गाव शोधू शकतो.

तळपद्यांची गोष्ट मुलांना जरूर सांगू या. फक्त "असे सांगतात" हे दोन शब्द गाळू नयेत. आपल्या माणसांनी इथे ऊस पिकवला, देवळे उभारली, मराठी जपली. हा अभिमान पुरावा मागणाऱ्यासमोरही ताठ उभा राहतो.