घर सावरताना माणूस गमवायचा नाही

(आष्टी येथील बैठकीतील भाषण)



मोवाड इथून फार दूर नाही. मुलताईकडून येणाऱ्या आपल्या याच वर्धा नदीने ३० जुलै १९९१ रोजी ते गाव बुडवले आणि २०४ माणसे गेली. त्या पुराबद्दल पुष्कळ बोलले गेले. मला आज पूर ओसरल्यानंतरच्या आठ दिवसांबद्दल बोलायचे आहे. पाऊस, वादळ, पूर आपल्या हातात नाही. चिखलाने भरलेले घर साफ करताना कोणाचा जीव जाऊ न देणे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे.

पाणी उतरले की आपण काय करतो? सालदाराला हाक मारतो, दोन मजूर बोलावतो आणि म्हणतो, "चढ रे वर, कवेलू सरळ कर. ती भिंत पाड. कोठीतली ज्वारी बाहेर काढ." घाई असते, हे खरे. पण ज्या घरात आपण पोराला पाठवायला कचरतो, तिथे मजुराला का पाठवावे?

आधी वीज. घरात पाणी साचलेले असेल तर मेन स्विचपर्यंत जाऊ नका. लाइनमनला बोलवा, नाहीतर १९१२ वर फोन करा. कोरड्या जागी उभे राहून हात पोचत असेल तरच स्विच बंद करा. झाड तारेवर पडले असेल तर त्याला हात लावू नका आणि कुऱ्हाडही लावू नका. भिजलेला पंप, भिजलेला स्टार्टर मिस्त्रीने पाहिल्याशिवाय सुरू करायचा नाही.

मग भिंत आणि छत. मातीची भिंत पाऊस थांबला म्हणून सुरक्षित होत नाही. आतून भिजलेली भिंत दोन-तीन दिवसांनीही बसते. धाब्याच्या छतावरची माती पाणी पिऊन जड झालेली असते. त्यावर माणूस चढला की मयाल मोडते. नवी तडे गेलेली, पोट सुटलेली भिंत दिसली की त्या खोलीत झोपायचे नाही आणि लेकरांना जवळ फिरकू द्यायचे नाही.

तिसरी गोष्ट, पेव आणि विहीर. ज्यांच्याकडे अजून पेव आहे त्यांनी नीट ऐकावे. भिजलेली ज्वारी पेवात आंबते आणि आतली हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही. पहिला माणूस उतरतो आणि पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. तो विझला तर उतरायचेच नाही. पण जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असेही समजू नका. दाण्यापेक्षा माणूस मोठा. विहिरीतला गाळ उपसायला डिझेल इंजिन खाली उतरवू नका. त्याच्या धुरात असा विषारी वायू असतो की त्याचा वासही येत नाही.

चौथी गोष्ट, औषधे. फवारणीच्या औषधाने काय होते ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. पुराच्या पाण्यात फुटलेल्या बाटल्या, डबे उघड्या हाताने उचलू नका, जाळू नका, नाल्यात टाकू नका. त्या पाण्यात भिजलेली ज्वारी माणसाला नाही आणि गुरांनाही नाही. भाव येईल म्हणून घरात ठेवलेला कापूस भिजला असेल तर गंजीत गरम होतो. तो पसरा, पण आधी काठीने हलवा. कापसात, सरपणात आणि कडब्यात साप शिरलेला असतो. साप चावला तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका. १०८ ला फोन करा, थेट दवाखाना गाठा.

आता जबाबदारीचे बोलू. "तो आपल्या मर्जीने चढला" असे म्हणून मालक सुटत नाही. धोका तुम्हाला माहीत होता का, आणि तुम्ही काय काळजी घेतली, हे विचारले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० मध्ये घर पाडताना किंवा दुरुस्त करताना केलेल्या निष्काळजीपणाला शिक्षा आहे. हलगर्जीपणाने जीव गेला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या घराची कललेली भिंत शेजाऱ्याच्या अंगणात पडली, तरी प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. "माझी जबाबदारी नाही" असा कागद मजुराकडून अंगठा लावून घेतला म्हणजे निभावले, असे समजू नका.

आणखी एक हिशेब पाहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत साप चावून, विजेच्या धक्क्याने किंवा उंचावरून पडून शेतकरी गेला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तोही ३० दिवसांच्या आत. पण ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका जणासाठी आहे. ज्याच्याकडे वावर नाही, त्या मजुराच्या बायको-लेकरांना त्यातून काही मिळत नाही. म्हणजे सगळ्यात धोक्याच्या जागी आपण त्यालाच पाठवतो, ज्याच्या मागे काहीच नाही. यात कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी माणुसकीचा प्रश्न उरतोच. इर्जिकीला आलेल्या शेजाऱ्यालाही हेच लागू आहे. पैसे दिले नाहीत म्हणून त्याचा जीव स्वस्त होत नाही.

पंचनाम्याचेही सांगतो. तलाठी येईपर्यंत घर तसेच ठेवावे लागेल, या भीतीने लोक पडक्या भिंतीखाली राहतात. तसे करू नका. आधी मोबाइलवर फोटो काढा, पडलेल्या मालाची यादी करा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला लेखी कळवा. मग धोक्याची वस्तू हलवा. भिजलेला माल फेकण्यापूर्वी मोजून घ्या.

माझे मागणे मोठे नाही. मृगाच्या आधी प्रत्येक गावात जाड दोर, रबरी बूट, हातमोजे आणि ब्लीचिंग पावडर एका घरी जमा ठेवा. लाइनमनचा नंबर शाळेच्या भिंतीवर लिहा. आणि पाणी ओसरल्यावर कोणालाही छतावर, पेवात किंवा विहिरीत पाठवण्याआधी गावातल्या दोन जाणत्यांनी ती जागा पाहायची, हा ठराव आज इथून आपापल्या गावी घेऊन जा. भिंत पुन्हा बांधता येते, ज्वारी पुन्हा पेरता येते. गेलेला माणूस परत येत नाही.