मडगावचा ब्रँडन

यवतमाळ, पुसद, वणीच्या मैदानांवर फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येक पोराला गोल मारायचा असतो. आज मात्र गोल घडवून आणणाऱ्या एका खेळाडूविषयी.

ब्रँडन फर्नांडिस, जन्म 1994, मडगाव. घडला दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या अकादमीत. पुढे चर्चिल ब्रदर्स, 2017 पासून एफसी गोवा आणि 2024 मध्ये मुंबई सिटी. 2019 मध्ये तो भारताकडून पहिला सामना खेळला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध भारत एका गोलने मागे होता. 88वं मिनिट. ब्रँडनने कॉर्नर घेतला, आदिल खानने हेडर मारला आणि बरोबरी झाली. पुढे एप्रिल 2021, आशियाई चॅम्पियन्स लीग, समोर इराणचा बलाढ्य पर्सेपोलिस. ब्रँडनच्या फ्री किकवर एफसी गोवाच्याच एडू बेदियाने डोक्याने गोल केला. या स्पर्धेच्या मुख्य फेरीत भारतीय क्लबचा तो पहिलाच गोल! सामना गोव्याने 1-2 असा गमावला, पण मैदान होतं फातोर्ड्याचं, ब्रँडनच्या मडगावातलं.

गोलफलकावर दोन्ही वेळा नाव दुसऱ्याचं लागलं. माझ्या मते ब्रँडनसारखा मधल्या फळीतला खेळाडू पारखायचा, तर चेंडू त्याच्याकडे येण्याआधी तो मान वळवून कुठे पाहतो, ते बघावं.