हळदीचा वायदा की पुट ऑप्शन?

हळद शिजवून, वाळवून घरात आहे आणि भाव उतरेल अशी धास्ती आहे. मग कोणी म्हणतो, "एनसीडीईएक्सवर वायदा विका." एक सौदा ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटल. हिशोबासाठी भाव १४,००० रुपये धरू. माल झाला ७ लाखांचा. मार्जिन १२ टक्के धरले तर ८४,००० रुपयांत सौदा उभा राहतो. स्वस्त वाटतो ना? पण भाव क्विंटलला १,००० रुपये चढला, की ५०,००० रुपये रोख भरावे लागतात, तेही लगोलग. घरातली हळद महागली हे खरे, पण ती अजून पोत्यातच! पैसे भरले नाहीत तर दलाल सौदा कापतो. मग पुढे भाव कोसळला तरी तुमच्या हाती काही नाही.

पुट ऑप्शन विकत घेतला, तर प्रीमियम एकदाच द्यायचा. क्विंटलला ४०० धरले तर २०,००० रुपये. भाव चढला तर तेवढेच बुडतात, पुन्हा मागणी येत नाही. लहान शेतकऱ्याला मी हाच सांगेन. मात्र प्रत्येक मालात तो मिळतोच असे नाही. ऑप्शन विकण्याच्या फंदात तर पडूच नका, तिथे पुन्हा मार्जिन आलेच. दलालाकडे जाण्याआधी घरात मोकळी रोकड किती, ते मोजा.