हळदीचे गुण आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



औषधी वनस्पतींतील दाहशामक द्रव्यांवर मी बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. हा विषय सागरासारखा अफाट आहे. म्हणून आपल्या सर्वांच्या घरी, मिसळणाच्या डब्यात, रोज हाताशी असणारी एकच वस्तू मी निवडली आहे. ती म्हणजे हळद.

लग्नघरी पहिला मान हळदीचा, आणि मूल पडून गुडघा फुटला की आजीचा हातही प्रथम हळदीकडेच जातो. या विश्वासाला आधार काय, हा प्रश्न रसायनशास्त्राने दोनशे वर्षांपूर्वी हाती घेतला. १८१५ साली युरोपातील शास्त्रज्ञांनी हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे काढून त्याला ‘कर्क्युमिन’ हे नाव दिले. १९१० साली त्याची रचना उलगडली. शंभर ग्रॅम हळदीत हे द्रव्य साधारणतः दोन ते पाच ग्रॅम असते.

त्याचे कार्य दुहेरी आहे. उघडे राहिलेले तेल हवेने खवट होते. त्याच जातीची झीज शरीरातील पेशींतही चालू असते. ती घडवून आणणाऱ्या चंचल कणांना कर्क्युमिन स्वतःचा हायड्रोजन देऊन शांत करते. हा त्याचा ऑक्सिडीकरणरोधक गुण होय. दुसरे असे की, सूज व ठणका उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांची निर्मिती ज्या आज्ञेने सुरू होते, त्या आज्ञेलाच ते पेशीमध्ये अटकाव करते. हा त्याचा दाहशामक गुण.

तथापि, परीक्षानळीत जे घडते ते पोटात घडेलच असे नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्या भगिनी जाणतातच. क्षाराशी गाठ पडली की हे द्रव्य टिकाव धरीत नाही. आतड्यातून जे थोडे शोषले जाते, त्याची यकृत त्वरेने विल्हेवाट लावते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की, मिऱ्यातील पिपरिन सोबत दिल्यास रक्तात पोचणारे कर्क्युमिन सुमारे वीसपट होते. तेलाच्या फोडणीत हळद घालणारी आणि दुधात हळदीबरोबर मिरपूड टाकणारी आपली गृहिणी नकळत शहाणपणाच करीत आली आहे.

आता थोडा हिशेब पाहू. चहाचा एक चमचा हळद म्हणजे सुमारे तीन ग्रॅम. तीत कर्क्युमिन शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. गुडघेदुखीवरील ज्या प्रयोगांत काही उतार दिसला, त्यांत दिवसाला पाचशे ते पंधराशे मिलिग्रॅम अर्क दिलेला होता. आणि ते प्रयोगही बहुधा लहानच आहेत. तेव्हा कपभर हळदीच्या दुधाने जुनाट संधिवात बरा होईल, ही आशा व्यर्थ आहे.

मग गोळ्याच घ्याव्यात काय? येथेच सावध राहिले पाहिजे. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हळदीच्या गोळ्यांमुळे यकृतास इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद आहे; त्यांतील एक दगावला. ज्यांना रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू आहे किंवा पित्ताशयात खडे आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून अशा गोळ्यांना हातही लावू नये. मिऱ्याचा अर्क इतर औषधांचेही प्रमाण रक्तात वाढवू शकतो. आणि ‘आपलेच घरगुती औषध आहे’ म्हणून मधुमेहाची वा रक्तदाबाची चालू औषधे परस्पर बंद करणे, यासारखा घातक अविचार दुसरा नाही. जेवणातली हळद हे अन्न आहे. गोळीतली हळद हे औषध आहे. हा भेद विसरू नये.

शेवटी एक प्रसंग सांगतो. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाला, हळदीने जखम भरून आणण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळाले. आपल्या आजीची विद्या परक्याच्या मालकीची ठरली! डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हा महासंचालक होते, तिने याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. पण ते कशाच्या बळावर? ‘आमच्या घरी असेच करतात’ एवढे म्हणून भागले नाही. जुने ग्रंथ व छापील लेख पुराव्यादाखल मांडावे लागले. जे लिहिलेले होते, तेच कामास आले.

म्हणून माझी मंडळाला नम्र सूचना आहे. आपल्या घरोघरच्या वृद्ध स्त्रियांना काढे, लेप, पथ्ये ठाऊक आहेत. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, किती प्रमाणात, कोणत्या विकारावर, आणि कोणाला देऊ नये, हे सर्व तरुण मंडळींनी त्यांच्याजवळ बसून वहीत उतरवावे. त्यातले खरे किती व खोटे किती, हे तज्ज्ञ पारखतील. परंतु जे लिहिलेच गेले नाही, ते पारखणार तरी कसे? वडिलांच्या ज्ञानाविषयी खरा आदर त्याची केवळ स्तुती करण्यात नाही. ते जतन करून कसोटीला लावण्यात आहे.